‘लीन कोच’ नेमकं करतात काय? नागपुरातून या करिअरची वाट कशी आहे?

लिंक्डइनवर थोडं स्क्रोल केलं की अशी प्रोफाइल्स दिसतात : ‘लीन सिक्स सिग्मा ब्लॅक बेल्ट’, ‘कायझेन कोच’, ‘स्ट्रॅटेजी कोच’. त्यांच्या शेजारीच जाहिरात असते, दोन दिवसांत ऑनलाइन कोर्स करा आणि ब्लॅक बेल्ट मिळवा. इंजिनीअरिंग किंवा एमबीए करून बाहेर पडलेल्या मुलांना प्रश्न पडतो, की हे खरंच करिअर आहे की नुसती भारी वाटणारी पदवी?

हे करिअर खरं आहे. नागपूरसारख्या शहरात त्याला कामही आहे. पण ते जाहिरातीत दाखवतात तसं प्रमाणपत्रापासून सुरू होत नाही. लीन कोचची किंमत एकाच गोष्टीवर ठरते : कोच निघून गेल्यावर कारखान्यातली सुधारणा टिकते की नाही.

लीन म्हणजे काय?

ग्राहक ज्यासाठी पैसे मोजतो ते काम ठेवायचं आणि बाकीचं हळूहळू कमी करत जायचं, हा लीनचा साधा अर्थ. ‘लीन’ म्हणजे सडपातळ, अंगावर फालतू चरबी नसलेलं.

या विचाराची मुळं जपानच्या टोयोटा कंपनीत आहेत. त्याची सुरुवात गाड्यांपासून नाही, तर कापडापासून झाली. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये स्वयंचलित मागाचं एक मॉडेल पूर्ण केलं. धागा तुटला की हा माग आपोआप थांबायचा. त्यामुळे खराब कापड विणलं जात नव्हतं आणि प्रत्येक मागाजवळ लक्ष ठेवायला माणूस उभा करावा लागत नव्हता. चूक झाली की काम तिथेच थांबवायचं, हे तत्त्व पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात आलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटाचे इंजिनीअर ताइची ओनो यांनी त्याला दुसरी जोड दिली : पुढच्या टप्प्याला जेवढं हवं तेवढंच, हवं तेव्हाच बनवायचं. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये ग्राहकाने वस्तू उचलली की तेवढीच जागा पुन्हा भरली जाते. ओनो यांना ही पद्धत कारखान्यासाठी उपयोगी वाटली. ‘कानबान’ कार्डं त्याच विचारातून वापरात आली.

या पद्धतीला ‘लीन’ हे नाव मात्र जपानमध्ये मिळालं नाही. जॉन क्राफसिक या अमेरिकन अभ्यासकाने १९८८ मधल्या एका लेखात हा शब्द वापरला. १९९० मध्ये आलेल्या ‘द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड’ या पुस्तकामुळे तो जगभर पोहोचला.

वाया जाणं म्हणजे काय? पोह्यांच्या गाडीवरून समजून घ्या

लीनमध्ये वाया जाण्याचे आठ प्रकार सांगतात. नागपुरातल्या सकाळच्या तर्री-पोह्यांच्या गाडीवर हे आठही प्रकार समजतात.

१. जास्त उत्पादन : गिऱ्हाईक येण्याआधीच मोठी कढई भरून पोहे करून ठेवले.
२. साठा : त्यासाठी कांदा, पोहे, तेल आठवडाभराचं आणून पैसे अडकवले.
३. वाट पाहणं : पोहे तयार, पण तर्री अजून उकळतेय. गिऱ्हाईक उभं.
४. वाहतूक : तर्रीचं पातेलं घरून गाडीपर्यंत दोनदा आणावं लागतं.
५. अनावश्यक हालचाल : प्लेटा एका टोकाला, चमचे दुसऱ्या टोकाला. दर प्लेटमागे चार पावलं.
६. गरजेपेक्षा जास्त प्रक्रिया : गिऱ्हाइकाने न मागितलेली सजावट करण्यात वेळ.
७. सदोष माल : पोहे गार होऊन कोरडे पडले, फेकावे लागले.
८. न वापरलेली बुद्धी : प्लेटा भरणाऱ्या पोराला हे सगळं दिसतं, पण त्याला कोणी विचारत नाही.

ओनो यांच्या मते यातला पहिला प्रकार सर्वांत वाईट, कारण बाकीचे बरेचसे त्यातूनच जन्माला येतात. पोहे जास्त झाले म्हणून गार झाले, गार झाले म्हणून फेकले.

लीन, सिक्स सिग्मा, टीक्यूएम : फरक काय?

हे तीन शब्द जाहिरातींत एकत्र येतात, पण त्यांचा भर वेगवेगळा आहे.

लीनचं लक्ष वेळेवर आणि प्रवाहावर असतं. माल कुठे अडकतो, माणूस कुठे थांबतो, हे लीन बघतं.

सिक्स सिग्माचं लक्ष फरकावर असतं. एकाच मशीनवरून निघालेले दोन नग सारखे का नाहीत, याचं उत्तर ते संख्याशास्त्राने शोधतं. मोटोरोला कंपनीत १९८६ मध्ये त्याची सुरुवात झाली. दहा लाख संधींमागे ३.४ दोष, हे त्याचं प्रसिद्ध लक्ष्य.

टीक्यूएम म्हणजे संपूर्ण गुणवत्ता व्यवस्थापन. त्यात खरेदीपासून विक्रीनंतरच्या सेवेपर्यंत अख्खी कंपनी येते. जपानमध्ये १९५१ पासून दिला जाणारा डेमिंग पुरस्कार यासाठीच असतो.

प्रत्यक्ष कामात कोच तिन्ही वापरतात. पण रोग न ओळखता हत्यार निवडलं तर काम फसतं. जिथे माल तीन दिवस पडून राहतो, तिथे संख्याशास्त्राचं अवघड सॉफ्टवेअर आणून उपयोग नसतो.

नागपूरचा यात काय संबंध?

जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तेव्हा ‘लीन’ हा शब्द नव्हता, पण प्रश्न आजचेच होते. यंत्रं नवी आणली, रिंग स्पिंडलचा प्रयोग केला. पण कामगारांची गैरहजेरी मोठी होती आणि नुसत्या यंत्रांनी ती कमी होणार नव्हती. तेव्हा शिक्षेवर भर न देता बक्षिसं आणि भविष्याची सुरक्षितता देण्याचा मार्ग निवडला गेला. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू झाली. माणसाला विश्वास वाटल्याशिवाय यंत्र नीट चालत नाही, हा धडा नागपूरने असा फार लवकर पाहिला आहे.

अलीकडचं उदाहरण ट्रॅक्टरचं. महिंद्रा अँड महिंद्राच्या शेती उपकरण विभागाला २००३ मध्ये डेमिंग पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणारी ती जगातली पहिली ट्रॅक्टर कंपनी. २००७ मध्ये त्याच विभागाला जपान क्वालिटी मेडलही मिळालं. या विभागाचा एक कारखाना नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत आहे. बुटीबोरी एमआयडीसीत सिएटचा टायर कारखाना आहे आणि सिएटला २०१७ मध्ये डेमिंग पुरस्कार मिळाला. मिहानमध्ये विमानांचे भाग बनवणारे आणि विमानांची देखभाल करणारे उद्योग आहेत. तिथे चुकीला जवळजवळ जागाच नसते.

अशा मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी युनिट्स हिंगणा आणि बुटीबोरीत आहेत. मोठ्या कंपनीची अपेक्षा असते, की माल वेळेवर आणि दोषाशिवाय मिळावा. वीस-तीस माणसांच्या युनिटमध्ये मात्र मालकच खरेदी बघतो, मालकच वसुली करतो आणि मालकच मशीन बंद पडली की धावतो. लीन कोचची खरी गरज इथे आहे.

दिवसभर काम काय असतं?

लीन कोचचं बरंच काम मशीनजवळ उभं राहून चालतं. जपानीत त्याला ‘गेम्बा’ म्हणतात, म्हणजे जिथे काम प्रत्यक्ष घडतं ती जागा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका युनिटला रोज १५० ब्रॅकेट द्यायचे आहेत. पाळी आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटं. जेवण आणि चहाची ३० मिनिटं वजा केली की उरतात ४५०. म्हणजे दर ३ मिनिटांनी एक ब्रॅकेट बाहेर पडायला हवा. याला ‘टॅक्ट टाइम’ म्हणतात.

वेल्डिंगला मात्र ४ मिनिटं लागतात. मग पाळीत निघतात फक्त ११२ नग. मालक ओव्हरटाइम लावतो किंवा दुसरं वेल्डिंग मशीन घ्यायचं म्हणतो.

कोच घड्याळ घेऊन वेल्डरशेजारी उभे राहतात, अर्थात त्याला कारण सांगून. लक्षात येतं की ४ मिनिटांतली सव्वा मिनिटं जिग शोधण्यात आणि नग उचलून आणण्यात जातात. जिग हाताशी टांगला आणि नगांची ट्रॉली बाजूला आणली, तर एक नग पावणेतीन मिनिटांत होतो. त्याच पाळीत सुमारे १६३ नग निघतात. नवं मशीन नाही, ओव्हरटाइम नाही आणि वेल्डरची धावपळही कमी.

दुसरा हिशेब साठ्याचा. वेल्डिंग आणि रंगकाम यांच्या मध्ये ६०० नग पडून आहेत आणि रंगकाम रोज १०० नगांचं होतं. म्हणजे आज वेल्डिंग झालेला नग रंगायला ६ दिवसांनी जाणार. एका नगात ४०० रुपयांचा कच्चा माल असेल, तर २ लाख ४० हजार रुपये जमिनीवर पडून आहेत. मालकाने हे पैसे कदाचित व्याजाने आणले असतील. लीनचा थेट खिशाशी संबंध येतो तो इथे.

मग कन्सल्टंट आणि कोच यांत फरक काय?

कन्सल्टंट उत्तर देतो. कोच उत्तर शोधायची सवय लावतो.

वरच्या उदाहरणात जिग कुठे टांगायचा हे कोचने सांगितलं, तर काम एकदा होईल. पुढच्या महिन्यात नवा नग आला की पुन्हा गोंधळ. म्हणून चांगले कोच सुपरवायझरला प्रश्न विचारत राहतात : कुठे पोहोचायचंय? आत्ता कुठे आहोत? मध्ये काय अडतंय? पुढचं एक छोटं पाऊल कोणतं? त्यातून काय शिकलो हे बघायला कधी भेटायचं? टोयोटाचा अभ्यास करणाऱ्या माइक रोदर यांनी २००९ च्या ‘टोयोटा काटा’ या पुस्तकात अशा प्रश्नांची पद्धत मांडली. हे प्रश्न रोज विचारले की काही महिन्यांनी सुपरवायझर ते स्वतःलाच विचारू लागतो.

आणि स्ट्रॅटेजी कोचिंग?

हाच धागा वर मालकापर्यंत किंवा संचालक मंडळापर्यंत नेला की ते स्ट्रॅटेजी कोचिंग होतं. जपानी पद्धतीत याला ‘होशिन कान्री’ म्हणतात. वर्षाला दहा-पंधरा संकल्प करण्याऐवजी दोन-तीनच मोठी उद्दिष्टं निवडायची. ती विभागप्रमुखांकडे न्यायची. त्यांनी ‘एवढं जमेल, यासाठी हे लागेल’ असं परत सांगायचं. चेंडू दोन्ही बाजूंनी टाकत-झेलत राहावा, तशी ही चर्चा चालते.

याची गरज का पडते? समजा, कंपनीचं उद्दिष्ट आहे डिलिव्हरी वेळेवर करण्याचं, पण खरेदी विभागाचं कौतुक होतं स्वस्त माल आणल्याबद्दल. मग खरेदी विभाग स्वस्तात मिळतो म्हणून तीन महिन्यांचा माल एकदम आणणार आणि हवा तो माल नेमका संपलेला असणार. शॉप फ्लोअरवर कितीही ‘फाइव्ह एस’ केलं तरी हा प्रश्न सुटत नाही. तो वरच सोडवावा लागतो.

‘लीन’ म्हणजे माणसं कमी करणं का?

हा प्रश्न कामगारांच्या मनात पहिल्या दिवसापासून असतो. घड्याळ घेऊन कोणी शेजारी उभं राहिलं की भीती वाटणं स्वाभाविक आहे. ही भीती निराधारही नाही. काही ठिकाणी लीनच्या नावाखाली काम तेच ठेवून माणसं कमी केली जातात.

त्यामुळे नोकरीपलीकडचंही नुकसान होतं. वेल्डरने वेळ वाचवायची युक्ती सांगितली आणि पुढच्या महिन्यात त्याचाच सहकारी घरी बसला, तर त्या कारखान्यात पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही. सुधारणेचा झरा तिथेच आटतो. टोयोटाच्या विचारात सतत सुधारणा आणि माणसांचा आदर हे दोन खांब मानले जातात. दुसरा खांब काढला की पहिला टिकत नाही.

म्हणून जबाबदार कोच काम स्वीकारण्याआधीच मालकाशी एक गोष्ट स्पष्ट करून घेतात : सुधारणेमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही. मोकळ्या झालेल्या माणसाला दुसरं काम, प्रशिक्षण किंवा नवी ऑर्डर मिळेल. आणि हे कामगारांना मालकाने स्वतः सांगायचं. मालक तयार नसेल तर काम सोडून द्यावं लागतं. हातातलं काम नाकारणं सुरुवातीच्या वर्षांत फार जड जातं, पण या पेशात नाव टिकतं किंवा जातं ते इथेच.

शिक्षण आणि प्रमाणपत्रं : काय खरं, काय दिखाऊ?

लीन कोच होण्यासाठी कायद्याने ठरवलेली एकच पदवी किंवा परवाना नाही. मेकॅनिकल, प्रॉडक्शन किंवा इंडस्ट्रियल इंजिनीअरिंगचा पाया उपयोगी पडतो. नागपुरात व्हीएनआयटी आहे, व्यवस्थापनासाठी मिहानमध्ये आयआयएम नागपूरचा कॅम्पस आहे. पण आयटीआय किंवा डिप्लोमा करून शॉप फ्लोअरवर वाढलेली माणसंही यात उत्तम काम करू शकतात, कारण त्यांना मशीनची आणि माणसांची भाषा येते.

सिक्स सिग्माचे ‘बेल्ट’ देणारी जगात एकच अधिकृत संस्था नाही. कोणीही प्रमाणपत्र छापू शकतं. म्हणून कोर्सला पैसे भरण्याआधी एक गोष्ट तपासावी : ते प्रत्यक्ष काम मागतात का? अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटीच्या ब्लॅक बेल्टसाठी पूर्ण केलेले दोन प्रकल्प लागतात, किंवा एक प्रकल्प आणि तीन वर्षांचा अनुभव. भारतात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटही सिक्स सिग्माचे अभ्यासक्रम घेते. दोन दिवसांत, प्रकल्पाशिवाय मिळणारा ब्लॅक बेल्ट आणि हा ब्लॅक बेल्ट यांचं नाव सारखं असलं, तरी मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला फरक उघडा पडतो.

कोचिंगची प्रमाणपत्रं वेगळी. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पातळीसाठी किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो, दुसरीसाठी १२५ आणि ५००. तास मोजले जातात, कारण हे कौशल्य वाचून येत नाही.

सरकारची योजना काय आहे?

लघुउद्योगांना कन्सल्टंटची फी परवडत नाही, ही जुनी अडचण आहे. त्यासाठी केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने १० मार्च २०२३ रोजी लीन योजना नव्या रूपात सुरू केली. तेव्हा मंत्री होते नारायण राणे. योजनेत बेसिक, इंटरमीडिएट आणि ॲडव्हान्स्ड अशा तीन पातळ्या आहेत. मार्गदर्शन आणि सल्ल्याच्या खर्चातला ९० टक्के वाटा सरकार देईल, असं ती सुरू करताना जाहीर झालं. आधी हा वाटा ८० टक्के होता. महिला किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांच्या युनिट्ससाठी आणखी ५ टक्क्यांची तरतूद ठेवली गेली. उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी असणं गरजेचं आहे.

योजनेच्या अटी काळानुसार बदलू शकतात. म्हणून अर्जाआधी ताजी माहिती मंत्रालयाच्या लीन पोर्टलवर किंवा नागपुरात सेमिनरी हिल्सवरच्या सीजीओ कॉम्प्लेक्समधल्या एमएसएमई कार्यालयात घ्यावी.

पैसे कसे मिळतात?

साधारण तीन वाटा आहेत. मोठ्या कंपनीच्या ‘ऑपरेशनल एक्सलन्स’ विभागात पगारी नोकरी. सल्लागार संस्थेत नोकरी, ज्यात प्रवास भरपूर. आणि स्वतंत्र काम.

स्वतंत्र कामाचा हिशेब आधीच नीट समजून घ्यावा. महिन्यात कामाचे दिवस २२ असले, तरी फी मिळणारे दिवस तेवढे नसतात. समजा १० दिवस मिळाले. उरलेले भेटीगाठी, प्रस्ताव, अहवाल आणि वसुलीत जातात. म्हणजे दिवसाच्या फीला २२ ने गुणून स्वप्नं बघू नयेत, १० ने गुणून घर चालतंय का ते बघावं.

वसुलीसाठी एक कायदेशीर आधार आहे. स्वतःची ‘उद्यम’ नोंदणी करून सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सेवा दिली, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी ग्राहकाने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्यांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणीही लागते.

सुरुवात कुठून करायची?

पदवीनंतर थेट कोच होणं जवळजवळ अशक्य आहे. पंचवीस वर्षं प्रेस चालवणाऱ्या माणसाला बाविसाव्या वर्षी कोणी काय शिकवणार? आधी काही वर्षं उत्पादन, गुणवत्ता, देखभाल किंवा नियोजन विभागात घालवावी लागतात. ही वर्षं वाया जात नाहीत, पुढे कोच म्हणून बोलायचा अधिकार त्यातूनच येतो.

कोर्सला पैसे भरण्याआधी एक चाचणी फुकटात करता येते. सध्या जिथे काम करता तिथलीच एक छोटी अडचण निवडा. ती कारखान्यातच हवी असं नाही, दवाखान्यातली केस पेपरची रांग किंवा ऑफिसातली बिलं मंजूर होण्याची फाइलही चालेल. दोन आठवडे फक्त मोजा. मग ते काम करणाऱ्या माणसाला विचारा, की यात तुम्हाला काय त्रास होतो? त्याच्याच सूचनेवर एक बदल करा आणि पुन्हा मोजा.

त्यानंतर तीन महिने त्यात हात घालू नका. तीन महिन्यांनी जाऊन बघा. बदल टिकला असेल आणि त्या माणसाने त्यात स्वतःहून आणखी भर घातली असेल, तर तुमचा पहिला प्रकल्प तयार आहे आणि बेल्ट नंतर घेता येईल. सगळं पूर्वीसारखं झालं असेल, तर ते का झालं याचं उत्तर शोधणं हाच या पेशातला पहिला धडा.